हॅलक्रो निवारा, माणसं किती?

अबोल्याचा अठरावा दिवस होता, आणि बायकोचा आवाज ऐकायला ड्यूगल मॅकरेला सोळा किलोमीटर बर्फ तुडवत हॅलक्रो हिमनदीवरच्या निवाऱ्यापर्यंत यावं लागलं. घरी एकाच टेबलाशी बसून जी बाई सतरा दिवस त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती, तिला आज संध्याकाळी साडेसहाला बोलणं भागच होतं. डोंगरातल्या सगळ्या निवाऱ्यांना रोज साडेसहाला ट्वायझल गावातून रेडिओवर हाक जाते आणि गेली बावीस वर्षं ती हाक मेरेआना मॅकरेच देते. संच तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी. हातात लाटणं असलं तरी साडेसहा म्हणजे साडेसहा.

ड्यूगलनं स्की दाराबाहेर बर्फात उभ्या रोवल्या, स्टोव्ह पेटवला, बूट काढले आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवला. त्रेसष्ट वर्षांचा गुडघा. सप्टेंबरच्या मध्याला तो कापून त्या जागी नवा बसवायचा होता, आणि डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं की त्यानंतर सपाटीवर खुशाल फिर, पण पाठीवर ओझं घेऊन चढणं विसर. म्हणजे दक्षिण गोलार्धातला जून ते ऑगस्टचा हाच हिवाळा शेवटचा. हॅलक्रो शिखर त्यानं तीस वर्षांत तीनदा हिवाळ्यात करून पाहिलं होतं, तिन्ही वेळा मेव्हण्याबरोबर, आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला होता. चौथ्या खेपेची तयारी चालू होती, तेवढ्यात एप्रिलमध्ये मेव्हणा रेवी गेला. डोंगरात नव्हे, पोटाच्या आजारानं, अंथरुणात, बहिणीचा हात धरून.

साडेसहाला रेडिओ खरखरला.

"सर्व निवाऱ्यांना ट्वायझलचा नमस्कार. सॅडल निवारा, माणसं किती? ओव्हर."

सॅडल निवाऱ्यात फेनेला होती, डनेडिनची शाळामास्तरीण, दरवर्षी मैत्रिणींना घेऊन स्कीइंगला येणारी. ती म्हणाली चौघी आहोत, आणि चौघींच्या मिळून सहा पायांना फोड आलेत. मेरेआना हसली. तिचं ते छातीतून येणारं हसू ड्यूगलनं अठरा दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. मग ब्लू क्रीकच्या शिकाऱ्यांना हाक गेली. ते दोघं. मग जरा थांबून, आवाजातलं सगळं पाणी आटल्यासारखं:

"हॅलक्रो निवारा. माणसं किती? ओव्हर."

आता हे तिला माहीत नव्हतं का? पहाटे ओट्याशी पाठ करून उभी होती, तेव्हा हाच माणूस तिच्या मागून पाठपिशवी ओढत गेला होता. पण नियम म्हणजे नियम. ड्यूगल म्हणाला, एक. तिनंही "एक" म्हणून नोंद केली, हवामान वाचलं, उद्या वायव्येचा सोसाट्याचा वारा, परवा गुरुवारी निवळेल, आणि संच बंद केला. स्वतःला सांभाळ नाही, गुडघा कसा आहे नाही. अर्थात तिनं विचारावं तरी कसं. अख्खं खोरं कान लावून बसलेलं असतं. त्या चॅनलवर कुणी खासगी बोलत नाही, हा दंडक तिनंच घालून दिलेला.

भांडण तरी कशावरून? जुलैच्या शेवटच्या शनिवारी, जेवताना, ड्यूगलनं जाहीर केलं की मी हॅलक्रोला जातोय. मेरेआनाचा काटा हातातच राहिला. एकटाच का, असं तिनं विचारलं. आणि हा गृहस्थ मटणाचा तुकडा चावत म्हणाला, "मग काय. रेवी नाही. दुसरं आहे कोण?"

ती उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि त्या क्षणापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

ड्यूगलनं आपल्या परीनं अर्थ लावला. भाऊ गेला, आता नवराही जातो की काय म्हणून घाबरलीय बिचारी. म्हणून मग पठ्ठ्यानं सतरा दिवस तिला सुरक्षिततेवर व्याख्यानं दिली. नवीन संदेशयंत्र आणून तिच्यापुढे ठेवलं. हिमभेगा कुठे आहेत त्याचा नकाशा रंगीत पेन्सिलींनी काढून फ्रिजवर लावला. कुठल्या तासाला कुठून माघारी फिरणार ते लिहून दिलं. ती दर वेळी त्याच्याकडे असं बघायची, की त्याला वाटायचं आपण परक्या भाषेत बोलतोय. आणि एक शब्द न बोलता कपडे वाळत घालायला निघून जायची.

बुधवार वाऱ्यानं खाल्ला. निवाऱ्याचं पत्र्याचं छप्पर दिवसभर कण्हत होतं. ड्यूगलनं बर्फ वितळवून पाणी केलं, चीज रोल शेकून खाल्ले आणि नोंदवहीत आपली ओळ भरली. नाव, तारीख, कुठे जाणार, माणसं किती, परत कधी. 'माणसं किती' या रकान्यात त्यानं एकचा आकडा काढला. वरच्या ओळींत सगळीकडे दोन, तीन, चार. जुन्या पानांवर त्याच्याच अक्षरात 'दोन' होते, शेजारी रेवीनं काढलेल्या म्हातारीच्या चित्रासकट. मेरेआनाच्या माहेरचे लोक, म्हणजे माओरी, हॅलक्रोला तेकुइया म्हणतात, म्हातारी. रेवी तिला नमस्कार केल्याशिवाय दोर बांधायचा नाही. माथ्यावर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. आजीच्या डोक्यावर कुणी पाय देतं का? एक पाऊल अलीकडे थांबायचं, तिची विचारपूस करायची आणि उतरायचं. ड्यूगल स्कॉटिश मेंढपाळांच्या घरातला, पण लग्नानंतर त्यानंही हा रिवाज आपला मानला होता.

त्या संध्याकाळी पुन्हा तेच. हॅलक्रो निवारा, माणसं किती? एक. नोंद केली. गुरुवारी निरभ्र, वारा नाही, थंडी उणे अठरा. तिच्या आवाजाला किंचित कंप आल्यासारखं वाटलं, पण रेडिओच तसा होता म्हणून त्यानं सोडून दिलं.

गुरुवारी उजाडायच्या सुमारास तो निघाला. स्कीच्या तळाला चढणीच्या केसाळ पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टीचे केस मागे झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. ती एवढी पट्टी नसेल तर स्की घालून हिमनदी चढणं म्हणजे तेल लावलेल्या फरशीवर जिना चढणं. बर्फ चांगलं गोठलेलं, भेगांवरचे हिमाचे पूल दगडासारखे. तरी दर दहा पावलांनी तो लांब काठी खुपसून बघत होता. मागून दोर धरायला कुणी नव्हतं ना. दोनदा त्यानं सवयीनं मान वळवून मागे पाहिलं आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चरफडला.

वरच्या पठाराखाली, जिथं ऊन यायला अजून तासभर होता, तिथं उजवी पट्टी सुटली. आधी टोकाकडून, मग मधून, आणि मग स्कीखालून मेलेल्या सापासारखी लोंबू लागली. गेल्या वर्षीचा डिंक, थंडीनं वाळून गेलेला. ड्यूगलनं ती पोटाशी धरून गरम केली, पुन्हा लावली. शंभर पावलं टिकली. मग डावीही गेली. त्यानं मनसोक्त शिव्या दिल्या. मग आठवलं की जादा जोडी आहे, घरून निघाला त्या पहाटे गॅरेजमधल्या खुंटीवरून काढून पिशवीत कोंबलेली. निळी पिशवी. पिशव्या गिर्यारोहण क्लबानं घाऊक मागवलेल्या, त्यामुळे घरात अशा निळ्या पिशव्या चार, आणि त्यानं दिवा लावायचे कष्ट घेतले नव्हते.

त्यानं पिशवी उघडली. पट्ट्या त्याच्या नव्हत्या. अरुंद होत्या, वीतभर आखूड होत्या, आणि शेपटीकडचा बंद लाल दोऱ्यानं हातानं शिवलेला होता. लाल दोरा मेरेआनाचा. या पट्ट्या तिच्या, बावीस वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवलेल्या. आता आपलं काही खरं नाही, बावीस वर्षांचा डिंक काय चिकटणार, असं म्हणत त्यानं एक उलगडायला ओढली, आणि ती उलगडेना. ताजा डिंक. चिकट, ओलसर, परवा लावल्यासारखा. दोन्ही हातांनी ताकद लावून त्यानं ती सोडवली.

पट्टीच्या टोकाशी मार्करनं तारीख लिहिली होती. डिंक नवा लावला की तारीख टाकायची, ही क्लबातली शिस्त. रेवीनं सगळ्यांना लावलेली. बारा जुलै.

ड्यूगल तिथंच बर्फात बसला. बारा जुलै. त्यानं जेवताना जाहीर केलं एकतीसला. म्हणजे एकोणीस दिवस आधी या बाईनं गॅरेजमध्ये बसून जुना डिंक खरवडला, नवा इस्त्रीनं बसवला, बंद शिवला. कशासाठी? आणि मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. जूनपासून रोज सकाळी पाठीवर पिशवी टाकून घरामागच्या टेकडीवर जात होती. रक्तदाबासाठी, असं तो समजत होता. नवे बूट आणले होते. क्लबाच्या जुन्या बाजारात द्यायला, असं तो समजत होता. रेवी गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी म्हणाली होती की म्हातारीचं राहिलंच नाही का. आणि हा म्हणाला होता, राहिलं खरं. बस्स, तेवढंच.

तिला घरच्या घरी वाट बघायला लावली त्यानं. विचारेल, आज विचारेल. मुळात डोंगर शिकली होती तीच आधी, भावाच्याही आधी. ड्यूगलला तर स्कीवर वळायला तिनं शिकवलं. दुसरी मुलगी झाली, रेडिओवर कुणीतरी बसायला हवं होतं, ती बसली. तात्पुरती. मुली मोठ्या झाल्या, एक वेलिंग्टनला गेली, एक जहाजावर, आणि तरी बावीस वर्षं दर हिवाळ्यात दोन पुरुष पिशव्या भरून निघायचे आणि एकालाही सुचलं नाही. रेवी मरताना तरी बरं वाटेल असं काही बोलला असेल तिच्याशी. आणि नवरा काय म्हणाला? दुसरं आहे कोण.

"गाढवा," ड्यूगल मोठ्यानं म्हणाला. ऐकायला फक्त म्हातारी होती, आणि तिला हे आधीपासून माहीत असावं.

तो उठला. पट्ट्या लावल्या. कडेला दोन बोटं स्की उघडी राहत होती, मागचा बंद पोचत नव्हता, पण काय चिकटल्या होत्या. अजिबात हलल्या नाहीत. त्यांच्या जोरावर तो पठार चढला, धारेच्या पायथ्याशी स्की रोवल्या, बुटांना लोखंडी काटे बांधले आणि हातात बर्फाची कुदळ घेऊन घळीतून वर निघाला. चार तास. गुडघा कुरकुरला, पण साथ सोडली नाही. दुपारी एकच्या आत तो उत्तरेच्या उन्हात, शेवटच्या धारेवर आला.

आणि समोर काहीच अडचण नव्हती. तीस वर्षांत तीनदा ज्या म्हातारीनं वादळ, हिमलोट आणि धुकं अंगावर सोडलं होतं, ती आज पदर सारून बसली होती. साठ मीटर उंची उरलेली. रुंद, पक्क्या बर्फाची धार, शेळीसुद्धा चढेल अशी. वारा नाही. अंधारापूर्वी निवाऱ्यावर पोचायला वेळ भरपूर. वीस मिनिटांत तो माथ्याच्या एक पाऊल अलीकडे उभा राहिला असता, आणि सप्टेंबरनंतर सपाटीवर फिरताना आयुष्यभर पुरेल एवढं काही घेऊन आला असता.

त्यानं कुदळ रोवली आणि तिच्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मग तो मेरेआनाबद्दल विचार करत राहिला, तिच्या पाठीबद्दल, ओट्याशी उभ्या असलेल्या. आज वर गेलो, आणि मग तिला घेऊन आलो, तर ते काय होईल? आपण पाहून आलेली जागा पाहुण्याला दाखवायला न्यावी तसं. चल, मी तुला वाट दाखवतो. आणखी एकदा ती मागे आणि हा पुढे. नको. त्याला ती जागा तिच्याआधी बघायचीच नव्हती. हवा पुन्हा अशी मिळाली नाही तर? गुडघ्यानं उद्या मान टाकली तर? तर म्हातारी राहील. जन्मभर राहील, आणि त्याचं त्याला वाईट वाटेल. वाईट वाटलं तर वाटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उणे अठरात ते गालावरच गोठलं.

"आजी," तो म्हणाला, "तुझी नात यायचीय."

आणि तो माथ्याच्या साठ मीटर खालूनच उतरायला लागला.

निवाऱ्यात पोचला तेव्हा पाच वाजत आले होते. साडेसहाला सॅडलच्या चौघी झाल्या, ब्लू क्रीकचे दोघं झाले. मग त्याची पाळी आली. या वेळी मेरेआनाचा आवाज पहिल्या शब्दालाच घाईत होता.

"हॅलक्रो निवारा, माणसं किती? ओव्हर."

"एक. सुखरूप. माथ्याच्या साठ मीटर खालून परतलो. ओव्हर."

मग तिनं विचारलं, "हवा बिघडली का? ओव्हर."

"नाही. हवा उत्तम होती. गुडघाही ठीक होता. ओव्हर."

"मग कारण सांग. वहीत लिहायला लागतं. ओव्हर."

ड्यूगलनं बटण दाबलं. अख्खं खोरं ऐकत होतं, हे त्याला ठाऊक होतं. तीस वर्षांत त्यानं बायकोला चारचौघांत साधं 'छान दिसतेस' म्हटलं नव्हतं.

"गॅरेजमधून चुकून तुझ्या पट्ट्या आल्या माझ्याकडे. त्यांच्यावर तारीख आहे, बारा जुलै. ती वाचल्यावर मला कळलं की तू का बोलत नव्हतीस. मी म्हणालो होतो, दुसरं आहे कोण. मेरेआना, माझी चूक झाली. बावीस वर्षांची चूक झाली. मी तुला विचारायला हवं होतं, ते आता विचारतो. म्हातारीकडे माझ्याबरोबर येशील का?" त्यानं श्वास घेतला. "ओव्हर."

उत्तराऐवजी भलताच आवाज आला.

"सॅडल निवारा बोलतोय," फेनेला म्हणाली. "मधे बोलल्याबद्दल माफी. आम्ही उद्या खाली उतरतोय. शनिवारी रेडिओवर बसायला माणूस लागला तर मी बसेन. ओव्हर."

ब्लू क्रीकचा एक शिकारी घसा खाकरून म्हणाला की आम्हाला हवामान नाही मिळालं तरी चालेल, पण उत्तर मात्र ऐकवा.

"चॅनल मोकळा ठेवा सगळ्यांनी," मेरेआना म्हणाली. आवाज ओला होता, पण शिस्त तीच. "हॅलक्रो निवारा, लिहून घे. शनिवार आणि रविवार, निरभ्र, दक्षिणेचा हलका वारा. माझ्या पट्ट्या स्टोव्हपासून लांब वाळत घाल, डिंक वितळतो. उद्या त्या घेऊन खाली रस्त्याच्या टोकाशी ये, त्यांच्याशिवाय मी चढणार कशी? मी गाडीत असेन. आणि ड्यूगल, दुपारच्या आत ये. मला फार वाट बघायला लावू नकोस. ओव्हर."

शुक्रवारी तो स्कीवरून उतरून रस्त्याच्या टोकाला पोचला, तर गाडी कधीची उभी होती. मेरेआना बोनेटवर बसून थर्मासमधून चहा पीत होती, पायात नवे बूट. तिनं आधी पट्ट्या त्याच्या हातून घेतल्या, डिंकावर बोट लावून पाहिलं, केस कुठे वाकलेत का ते बघितलं. मग त्याला अर्धा कप चहा दिला.

"मीही येते असं मीच का नाही म्हणाले, ते विचारशील," ती म्हणाली. "विचारू नकोस. बावीस वर्षं मी सगळ्यांना विचारतेय, माणसं किती. कुणीतरी एकदा मला मोजावं, एवढंच होतं."

ड्यूगलनं कप बोनेटवर ठेवला आणि तिला जवळ घेतलं. दोघांच्या पाठपिशव्यांचे पट्टे एकमेकांत अडकले, आणि ते सोडवताना तिला हसू आलं, छातीतून येणारं.

शनिवारी दुपारी निवाऱ्यापर्यंत वाट तिनंच काढली. एकोणसाठ वर्षांची बाई, पण वळणं अशी घेत होती की मागून येणाऱ्या ड्यूगलला आपला गुडघा आठवायला वेळ मिळाला नाही. हिमनदीच्या भेगांपाशी त्यानं दोर सोडून दोघांच्या कमरेला बांधला आणि काठी तिच्या हातात दिली. निवाऱ्यात तिनं नोंदवही उघडली. त्याची बुधवारची ओळ वाचली आणि खाली नवी ओळ भरायला घेतली. शेजारी तिनं म्हातारीचं चित्र काढलं, रेवी काढायचा तसं, पण नाक जास्त मोठं.

साडेसहाला रेडिओ खरखरला. फेनेलाचा आवाज जरा घाबरलेला होता, कारण जिच्या जागी ती बसली होती तीच ऐकत होती. सर्व निवाऱ्यांना ट्वायझलचा नमस्कार, वगैरे सगळं तिनं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

"हॅलक्रो निवारा, माणसं किती? ओव्हर."

ड्यूगलनं माईक उचलला, आणि मग तो मेरेआनापुढे धरला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. बटण दाबलं.

"दोन," ती म्हणाली.

आणि बावीस वर्षं अख्ख्या खोऱ्याला रेडिओची शिस्त शिकवणारी मेरेआना ओव्हर म्हणायचं विसरली. बटण तसंच दाबून धरून ती रडत होती. फेनेला थांबली, शिकारी थांबले, आणि तिचं आटपेपर्यंत कुणीही मधे बोललं नाही.